पाठकोऱ्या डिस्कवरची आई

आमचा धाकटा भाऊ नक्की काय काम करतो, असं कोणी विचारलं की मी आजही चाचपडते. 'कॉम्प्युटर दुरुस्त करतो' म्हटलं तर तो रागावतो, कारण दुरुस्त तो काहीच करत नाही. त्याच्याकडे आलेली वस्तू बहुतेक वेळा मेलेलीच परत जाते. तिच्या पोटात जे होतं तेवढं तो बाहेर काढून देतो. पडलेल्या, भिजलेल्या, चुकून पुसलेल्या डिस्कांमधून हरवलेल्या फाइली काढायच्या, हा त्याचा धंदा. गेली एकवीस वर्षं करतोय. त्यातली शेवटची सहा मी त्याच्या दुकानात काउंटरवर बसले आहे, आणि तरी मला त्यातलं फारसं कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला धारेवर धरायला नको.

मी स्वतः बत्तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथे फाइल म्हणजे फाइल असायची. पुठ्ठ्याची, नाडीची, डाव्या कोपऱ्यात नंबर. हरवली तर कपाटामागे सापडायची, नाहीतर मोठ्या साहेबांच्या घरी. धाकट्याच्या जगात मात्र पुसलेलं पुसलेलं नसतं आणि असलेलं दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं होतं, "अरे, त्या माणसाने फाइल पुसली ना? मग ती आहे कुठे?"

"होती तिथेच आहे, ताई. रजिस्टरमधून तिचं नाव खोडलंय, एवढंच."

"मग नाव परत लिही."

"कुठल्या पानावर आहे ते कुठे माहीत? म्हणून पान न् पान चाळायचं. प्रत्येक जातीच्या फाइलची पहिली अक्षरं ठरलेली असतात. फोटोची वेगळी, आवाजाची वेगळी. ती दिसली की समजायचं, इथून एक सुरू झाली."

"आणि तिचं नाव?"

"गेलं ते गेलं. मी नंबर देतो."

म्हणजे वस्तू मिळते, पण तिचं नाव, तिची तारीख, ती कुठल्या कपाटातली, यातलं काही मिळत नाही. आमच्या कचेरीत असली बेवारशी फाइल कोणी माझ्या टेबलावर आणून ठेवली असती तर मी त्याला फाइलसकट बाहेर काढलं असतं.

दुकान चष्मेवाल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं काउंटर, माझं रजिस्टर आणि गिऱ्हाइकांसाठी तीन स्टुलं. आतल्या खोलीत धाकटा, रबराची चटई घातलेलं एक टेबल, मान वाकडी करून उभा असलेला भिंगाचा दिवा, आणि वायरींचा असा गुंता की मी तिथे झाडू मारणं केव्हाच सोडून दिलंय. नवी डिस्क आली की तो आधी तिला वीज देतो आणि कानाशी धरतो. डोळे मिटून ऐकतो. कधी 'हं' म्हणतो, कधी तोंड पाडून टेबलावर ठेवतो. बावन्न वर्षांचा आहे, लग्न केलेलं नाही. का, म्हणून विचारलं की म्हणतो, 'राहून गेलं.' जेवतो उभ्याने. खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात, त्यामुळे त्या वाटेला तो जातच नाही.

त्याचे दोन नियम आहेत. पहिला, गिऱ्हाइकाच्या फाइली बघायच्या नाहीत. उघडते की नाही एवढं तपासायचं आणि लगेच बंद करायची. फोटो असला तर नखाएवढा, आवाज असला तर दोन सेकंद. यामागे एक प्रकरण आहे. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाचे कागद तपासताना त्याच्या नजरेस हॉस्पिटलचा रिपोर्ट पडला. डिस्क न्यायला तो गृहस्थ बायकोला घेऊन आला, आणि आमच्या या महाशयांनी अगदी आपुलकीने विचारलं, 'आता तब्येत कशी आहे?' बायकोला कशाचाच पत्ता नव्हता. त्या जिन्यावर त्या दिवशी जे झालं ते चष्मेवाला अजून रंगवून सांगतो. तेव्हापासून बघणं बंद.

दुसरा नियम असा, की काढलेल्या फाइलींची एक प्रत तीस दिवस ठेवायची आणि एकतिसाव्या दिवशी पुसायची. धाकटा पुसतो तेव्हा ते खरंच पुसलं जातं, मग त्यालाही काढता येत नाही. तारखा माझ्या रजिस्टरमध्ये असतात. सकाळी मी 'आज हे' म्हणते आणि तो पुसतो. एवढं एक काम मला पूर्ण समजतं.

या दोन नियमांच्या मधोमध ती ड्रायव्हिंगवाली येऊन उभी राहिली.

ती गाडी चालवायला शिकवते. सव्वीस वर्षांची, आवाज खणखणीत, शिकवण्याची गाडी खाली रस्त्यातच लावून दोन-दोन पायऱ्या चढत आली. काउंटरवर फडक्यात गुंडाळलेली एक जुनी डिस्क ठेवली आणि म्हणाली, "यात माझी आई आहे."

मी रजिस्टर उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मग तिने सांगितलं. ती साडेतीन वर्षांची असताना आई गेली. घरात कागदी फोटो आहेत सातआठ, पण आवाज कसा होता ते तिला आठवत नाही. वडिलांची लहानशी छपाईची प्रेस होती. ते आईबद्दल कधी बोलले नाहीत. गेल्या वर्षी तेही गेले. आईकडचं कोणी उरलेलं नाही. मग तिच्या काकांनी एक दिवस सांगितलं, की वहिनी आजारी असताना दादाने तिचा आवाज प्रेसच्या कॉम्प्युटरमध्ये भरला होता. ही प्रेसवर गेली, धुळीतून तो कॉम्प्युटर शोधला, डिस्क काढून घरी आणली. नवऱ्याने ती आपल्या मशीनला जोडली. मशीनने विचारलं, 'फॉरमॅट करायचं का?' आणि त्या भल्या माणसाने 'हो' म्हटलं, की डिस्क कोरी.

"त्याला वाटलं, विचारतंय म्हणजे गरजेचं असेल," ती म्हणाली. "आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही."

धाकट्याने डिस्क कानाला लावली. 'हं' म्हणाला.

त्याला नऊ दिवस लागले. डिस्क म्हातारी होती, मध्येच अडखळायची, मग तो तिला थंड होऊ द्यायचा. शेवटी लेटरहेड, पावत्या, पत्रिका असा प्रेसचा ढिगारा निघाला, आणि त्यात त्रेचाळीस आवाज. नावं नाहीत, तारखा नाहीत. एक ते त्रेचाळीस नंबर. धाकट्याने प्रत्येकाचे दोन सेकंद ऐकले, सगळे एका फोल्डरमध्ये भरले आणि तिच्या हातात ठेवले. काम संपताच जुन्या डिस्कनेही दम सोडला. मी रजिस्टरमध्ये तीस दिवसांनंतरची तारीख घातली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली, आणि तिचा चेहरा असा होता की मी न विचारता चहा मागवला. आई सापडली होती. आई गोष्टी सांगते, मध्येच हसते, प्राण्यांचे आवाज काढते. तिच्या आठ महिन्यांच्या मुलीला आता तो आवाज लावल्याशिवाय झोप येत नाही.

"काय गोड आवाज आहे हो! मी अशी भसाडी कुणावर गेले कळत नाही." मग ती स्टूल पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "पण एक विचारायचंय. आई गोष्ट सांगताना म्हणते, 'चिमणे, तू इकडे बस, दादाला तिकडे बसू दे.' परत परत दादा, दादा. मी तर एकुलती एक. मला भाऊ होता का?"

मी म्हटलं, "अगं, चुलतभाऊ असेल एखादा. शेजारचा असेल."

"काकांना मूलबाळ नाही. आणि शेजारच्या मुलाला कोणी 'माझं पिल्लू' म्हणतं का?" ती विचारात पडली होती. "कुठे गेला तो? बाबांनी का लपवलं?"

आतल्या खोलीतला टायपिंगचा आवाज थांबला होता. तो केव्हा थांबला हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ती गेल्यावर धाकटा दिवसभर बाहेर आला नाही. संध्याकाळी आला तेव्हा हातात एक कागद होता, त्यावर चौकोन काढले होते, काही खाली, काही वर.

"ताई, मी घोळ केलाय."

तो समजावू लागला आणि माझ्या डोक्यावरून सगळं पाणी गेलं. खालचा थर, वरचा थर, आधीचं फॉरमॅट, नंतरचं फॉरमॅट. मला वाटलं खाली राहणारे भाडेकरू आणि वर राहणारे मालक, असं काहीतरी असेल. तो म्हणाला, तसं नाही. मग त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "तुमच्या कचेरीत पाठकोरे कागद वापरायचे ना?"

तेव्हा कुठे उजेड पडला. वापरायचो तर! जुनी परिपत्रकं फेकायची नाहीत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर नवे मसुदे लिहायचे. आणि कधीतरी साहेब नेमकी उलटी बाजू वाचायचे आणि सात वर्षांपूर्वीच्या रजेवर आज सही करायचे.

ती डिस्क पाठकोरी होती. प्रेसवाल्याने ती घेतली तेव्हाच जुनी घेतली होती. आधी कुणा दुसऱ्याच घरची. त्याने ती फॉरमॅट करून वापरायला काढली, पण आधीचं सगळं काही झाकलं गेलं नाही. गोष्टी सांगणारी बाई त्या आधीच्या थरात होती. तिच्या काही गोष्टींच्या शेपटांवर तर प्रेसची लेटरहेड चढली होती. म्हणजे प्रेस तिच्यानंतरची.

"त्रेचाळीसपैकी एकतीस आवाज त्या बाईचे," धाकटा म्हणाला. "बारा वरच्या थरात आहेत. तिची आई असली तर त्या बारांत. मी थर वेगळे करून द्यायला हवे होते. ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, दोन बायका आहेत."

"मग त्या बारांत काय आहे?"

"ऐकलं नाही."

"आता तरी ऐक!"

"कसं ऐकू? माझी आई आहे का ती?"

याला काय म्हणायचं! मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. मी त्याला बजावलं, की तोंडाला कुलूप लाव. आईविना वाढलेली पोर, तिला आई मिळालीय, तिचं बाळ त्या आवाजाने झोपतंय. कुणाचं काय बिघडतंय? आवाज कुणाचा का असेना, माया तर खरी आहे.

"पण तो दादा?"

"विसरेल ती."

"ताई, मी चुकीची वस्तू दिलीय. आणि बरोबर वस्तू तिने टाकून दिली असेल तर उरलेली एकच प्रत नऊ दिवसांनी आपण पुसणार."

मी म्हटलं, तारीख आली की पुसायचं, नियम तुझाच आहे. खरं सांगणं हे पुण्य की क्रूरपणा, मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळलंय असंही नाही. आठवडाभर आम्ही दोघं एकाच घरात मूग गिळून वावरलो. तो उभ्याने जेवताना भिंतीकडे बघायचा. मी सकाळी रजिस्टर उघडायचे, त्या ओळीवर बोट ठेवायचे आणि खालची ओळ वाचायचे.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती आली ती सरळ स्टुलावर बसली. डोळे सुजलेले.

"काकांशी भांडले," म्हणाली. "त्यांना आता काहीच ऐकू येत नाही, सगळं लिहून द्यावं लागतं. मी कागदावर लिहिलं, 'माझा भाऊ कुठे आहे?' त्यांनी लिहिलं, 'तुला भाऊ नव्हता.' मी लिहिलं, 'खोटं बोलता.' पाच-सहा पानं झाली. मग ते रडायला लागले. सत्तर वर्षांचा माणूस. मी लिहिलं, 'परत तोंड दाखवू नका.'" तिने नाक पुसलं. "माहेरचं म्हणून ते एकच माणूस उरलं होतं."

आणि मग, धाकट्याला आठवडाभर गप्प बसवणारी मीच बोलून बसले. कसं बोलले, कुठून सुरुवात केली, आठवत नाही. पाठकोरे कागद सांगितले, थर सांगितले, बहुधा उलटेही सांगितले असतील, कारण धाकटा बाहेर येऊन दुरुस्त करत होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग महिनाभर मी आई म्हणत होते ती कोण?"

"माहीत नाही," धाकटा म्हणाला.

"आणि माझी?"

"बारा आवाज वेगळे आहेत. नंबर बत्तीसपासून पुढचे."

ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "ती? ती खेकसणारी? मला वाटलं, प्रेसवर कोणी भांडखोर बाई आली असेल. अर्धं मिनिट ऐकलं आणि सगळे पुसून टाकले मी." ती उठली. "नको मला ती. तुमची चूक आहे, तुम्हीच ठेवा."

खाली गाडीचं दार असं आपटलं की चष्मेवाला बाहेर आला.

एकतिसाव्या दिवशी सकाळी धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "ताई, आज कोणतं?" मी रजिस्टरवर हात आडवा ठेवला आणि म्हटलं, "आज काही नाही." बत्तीस वर्षांच्या नोकरीत एक तारीख खोटी सांगितली नव्हती. त्याने रजिस्टर बघायला मागितलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ती आली. बाळ कडेवर होतं. कुणाशी न बोलता स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लावा. इथेच लावा, मला एकटीला नाही जमणार." मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्हीही ऐका. तुम्ही न ऐकल्यामुळे झालंय सगळं."

धाकट्याने स्पीकर बाहेर आणून काउंटरवर ठेवला. नंबर बत्तीस.

आधी मागे छपाईच्या मशीनची खडखड. मग एक बाई, दम लागलेली, चिडलेली. "बंद कर आधी ते. कशाला भरतोयस माझा आवाज? असा घसा बसलेला ऐकवणार आहेस पोरीला?" मग खोकला, बराच वेळ. आवाज संपला.

ड्रायव्हिंगवाली दगडासारखी बसली होती. नंबर तेहेतीसही तसाच. चौतिसाव्यात ती बाई म्हणाली, "बरं, राहू दे चालू. लिहून तर तू काही घेणार नाहीस. ऐक नीट. तिला केस ओले असताना झोपवायचं नाही. पंचा घेऊन मुळापर्यंत पुसायचे. वरवर नाही, मुळापर्यंत."

ड्रायव्हिंगवालीने बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं. "बाबा पुसायचे," ती म्हणाली. "मी कॉलेजात जायला लागले तरी पंचा घेऊन उभे. मला वाटायचं, यांना खूळ लागलंय."

पस्तीस. "बूट मापाचेच घ्यायचे. वाढत्या अंगाचे म्हणून मोठे घेशील तू, मला माहितेय. पडते ती." छत्तीस. "औषध कडू असलं तर कडू आहे म्हणूनच सांगायचं. गोड आहे सांगून फसवायचं नाही." प्रत्येक आवाजात ती खेकसत होती, धाप टाकत होती, आणि प्रत्येक वेळी ही मुलगी मान हलवत होती. हो, बूट. हो, औषध. मी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं, कारण मला अक्षरं दिसत नव्हती.

एकेचाळीस. "शाळेत सोडलंस की लगेच वळायचं नाही. ती पार आत जाईपर्यंत फाटकाशी थांबायचं. मागे वळून बघते ती."

तिने हात वर केला. धाकट्याने थांबवलं.

"कॉलेजच्या फाटकाशीही थांबायचे," ती म्हणाली. "मैत्रिणी हसायच्या. एकदा मी सगळ्यांसमोर ओरडले त्यांच्यावर, जा म्हणून, लाज आणता म्हणून. काहीही बोलले नाहीत. नुसते गेले. त्यानंतर मी कधी मागे वळून बघितलंच नाही." ती माझ्याकडे बघत होती. "सांगायचं ना त्यांनी! एवढंच सांगायचं, की तुझी आई म्हणाली होती. मी कशाला ओरडले असते?"

धाकटा खाली मान घालून म्हणाला, "अजून दोन आहेत." आणि पुढचा लावला. बेचाळिसाव्यात नुसता खोकला होता. मग त्रेचाळीस.

आवाज आता फार बारीक झाला होता. मशीनही बंद असावं, मागे काही नव्हतं. "आणि हे बघ," ती बाई म्हणाली. या वेळी ती खेकसली नाही, तेवढी ताकद नसेल. "यातलं तिला काही सांगत बसायचं नाही. आई असं म्हणायची, तसं म्हणायची, असलं काही नको. रडत राहील ती. तू नुसतं करायचं. कळलं?"

धाकटा बंद करायला पुढे झाला, तेवढ्यात स्पीकरमधून त्या सगळ्या आवाजांत पहिल्यांदाच एक पुरुष बोलला. एवढंच म्हणाला, "हं."

"हे बाबा," ड्रायव्हिंगवाली म्हणाली. "हा आवाज मला ओळखता येतो."